तो तक्ता टॅली होत नसतो

आईला अ‍ॅडमिट केल्याच्या तिसऱ्या रात्री मी एक वेडेपणा केला, आधी तोच सांगते. तिच्या कॉटच्या पायथ्याशी एक पॅड अडकवलेलं असायचं आणि त्यावर एक तक्ता. डावीकडे काय आत गेलं ते, म्हणजे सलाईन किती, नाकातल्या नळीतून दिलेलं किती, औषधासोबतचं पाणी किती. उजवीकडे काय बाहेर आलं ते, म्हणजे युरीन बॅग रिकामी करताना मोजलेलं. सगळं एमएलमध्ये, वेळ टाकून. आता मी गेली २२ वर्षं अकाउंट्समध्ये आहे, समोरासमोर दोन रकाने दिसले की माझे हात शिवशिवतात, आणि झोप तर येतच नव्हती, रात्रीचे अडीच वाजलेले, मी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडून बेरीज मारायला बसले. आत २१५०, बाहेर १४००. फरक ७५०. परत केली, तेवढाच. मग वेळा तपासल्या, कुणी एखादी एंट्री खाल्लीय का, दुपारच्या शिफ्टवाल्यांनी बॅग रिकामी केली आणि लिहायचं राहिलं का, आणि मग तो पॅड हातात घेऊन तडक सिस्टरच्या टेबलापाशी गेले आणि म्हणलं सिस्टर, साडेसातशेचा फरक येतोय.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पॅडकडे बघितलं, आणि हसल्या. चेष्टेने नाही, दमलेलं माणूस हसतं तसं.

"ताई, ते टॅली होत नसतं. श्वासातून जातं, कातडीतून जातं, ते कशात मोजणार? पेशंट श्वास घेतोय ना, मग नाही जुळणार."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की माणूस नुसता पडून राहिला तरी दिवसाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी श्वासावाटे आणि त्वचेवाटे उडून जातं, अंगात ताप असला तर आणखी जास्त, आणि हे घामाच्या वेगळं बरं का, घाम निदान दिसतो, हे जातंय याचा पत्ताच लागत नाही. म्हणून त्या तक्त्यात त्याला रकाना नाही. डॉक्टर लोक ते मनातल्या मनात धरून चालतात. मला मात्र त्या रात्री हे इतकं लागलं की परत येऊन खुर्चीत बसले आणि पहाटेपर्यंत आईची छाती वर-खाली होताना बघत राहिले, प्रत्येक श्वासाबरोबर काहीतरी जातंय आणि ते कुणीच लिहीत नाहीये असं वाटत होतं.

हे सांगायचं कारण असं की माझं देवाशी असलेलं नातंसुद्धा आतापर्यंत असंच दोन रकान्यांचं होतं. लहानपणी जास्त खिदळलो की घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, फार हसू नका, रडावं लागेल. गमतीत म्हणायचे, पण ते माझ्या डोक्यात असं काही पक्कं बसलं की पुढे काही चांगलं झालं की मी आधी घाबरायचे. प्रमोशन झालं, आता बिल कशाचं येणार? मुलगा धडधाकट झाला, आता कुणाला काय होणार? आणि वाईट झालं की उलटा हिशोब, पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं तेव्हा मी कितीतरी वर्षं मनात धरून बसले होते की एवढं मोठं नावे पडलंय तर कुठेतरी तेवढंच जमा पडणार, पडायलाच पाहिजे, नाहीतर वर बसून ते करतात काय? याला मी श्रद्धा म्हणायचे. आता बघितलं तर ती श्रद्धाबिद्धा काही नव्हती, थकबाकीची आठवण होती.

आणि हे एकटीचं नाही. आजारी माणसाला बघायला येणारी निम्मी माणसं हेच बोलतात. सुखदुःखाचा बॅलन्स असतो, देव एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो, शेवटी सगळं सारखं होतं. मी पण बोललेय दुसऱ्यांना, खोटं कशाला बोलू. पण आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसायच्या, त्यांचा मुलगा आत होता, १९ वर्षांचा. त्यांना भेटायला आलेलं कुणीतरी म्हणालं, देव परीक्षा बघतोय. त्या बाई काही चिडल्या नाहीत, रडल्यापण नाहीत, नुसतं एवढंच म्हणाल्या, "मग माझी बघायची होती." त्यानंतर त्या बाकावर बॅलन्स हा शब्द काढायची माझी टाप नव्हती. त्यांच्या खात्यात कुठली जमा दाखवणार होते मी?

तरीपण सवय जात नाही. पाचव्या दिवशी मी डायरीत खरोखर मधोमध रेघ मारली आणि लिहायला घेतलं. नावे: आईला पक्षाघात. बोलणं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला. झटका नक्की कधी आला ते माहीत नाही, कारण ती घरात एकटी होती, आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, वेळच माहीत नाही म्हटल्यावर ते देता आलं नाही. जमा: जीव वाचला. शुद्धीत आहे. ओळखते. आणि मग पुढची ओळ लिहायला घेतली, दादा आला, आणि पेन तिथेच थांबलं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आम्ही नऊ वर्षं बोललो नव्हतो. कारण विचाराल तर घराचे कागद, कुणाची सही राहिली, कुणी कुणाला न विचारता काय केलं, ते सगळं इथे काढत नाही, कारण मी काढलं तर ते माझ्या बाजूने निघेल. पण तो आला, बॅग घेऊन सरळ वॉर्डमध्ये आला, आणि पहिलं वाक्य बोलला ते "रात्री मी थांबतो, तू घरी जा." नऊ वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. आता हे कुठे लिहू? जमेला लिहिलं तर आई पडली हे त्याच्या पाठीमागे उभंच आहे, ती पडली नसती तर तो आला नसता. म्हणजे एकच एंट्री दोन्हीकडे. आणि ही एंट्री दुसऱ्या कुठल्या एंट्रीला कापत नाही, कमीपण करत नाही. आई बोलत नाही याचं दुःख दादा आल्याने इंचभर कमी झालं नाही, आणि दादा आल्याचं बरं वाटणं आई बोलत नाही म्हणून कमी झालं नाही. दोन्ही पूर्णच्या पूर्ण. मी ती ओळ दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिली. ती डायरी अजून आहे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, बाहेरच्यांना बहुतेक माहीत नसते. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची ही दुहेरी नोंद पद्धत पाचोली नावाच्या एका इटालियन साधूने १४९४ साली पुस्तकात छापली (साधू बरं का, फ्रान्सिस्कन साधू आणि गणिती), आणि तिची गंमत अशी की दोन्ही बाजू जुळतात त्या जग न्यायी आहे म्हणून नाही, लिहिण्याची पद्धतच तशी आहे म्हणून जुळतात. आणि तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज ताडून बघायचा तक्ता) जुळली म्हणजे हिशोब बरोबर असंही नाही. रक्कम चुकीच्या खात्यात टाकली तरी तेरीज जुळते, आख्खा व्यवहार लिहायचाच विसरला तरी जुळते, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं तरी जुळते. हे पहिल्या वर्षाला शिकवतात, आणि पास होऊन एवढी वर्षं झाली तरी मी ते आयुष्याला कधी लावून बघितलं नव्हतं. जे लोक म्हणतात की माझ्या आयुष्यात सगळं बॅलन्स झालं ते खोटं बोलतात असं नाही, पण जुळवणारा हात त्यांचाच असतो.

बरं, ज्यांनी हे मोजायचा प्रयत्न केला त्यांचंही काही जुळलेलं नाही. काहनमन आणि ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांचं १९७९ चं काम प्रसिद्ध आहे, हातातलं जाणं हे तेवढंच मिळण्यापेक्षा जास्त लागतं, पुढे त्यांनीच काढलेला आकडा दुपटीच्या थोडा वर जातो. म्हणजे आपला तराजूच मुळात एका बाजूला कललेला. आणि १९७८ चा तो लॉटरीवाला अभ्यास, जो प्रवचनांत आणि फॉरवर्डमध्ये सतत येतो, की लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले काही दिवसांनी सारखेच सुखी होतात. मी तो काढून बघितला, आकडे बघायची खोड. २२ लॉटरीवाले, २२ साधी माणसं, २९ अपघातवाले. पाचापैकी सुखाचे मार्क लॉटरीवाल्यांना ४.००, साध्या माणसांना ३.८२, अपघातवाल्यांना २.९६. सारखे कुठे आहेत? लॉटरीने फारसं काही वाढलं नाही हे खरं, उलट त्या लोकांना रोजच्या छोट्या गोष्टींतली मजा कमी वाटायला लागली होती, पण अपघातवाल्यांचं दुःख होतं तिथेच होतं. आपल्याला वाटलं असतं तेवढं ते खचलेले नव्हते एवढंच. पण "सारखे" म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं, म्हणून गोष्ट तशी फिरते.

तुकोबांनी तर सरळच सांगून ठेवलंय, सुख पाहता जवापाडे, दुःख पर्वताएवढे. जव एका पारड्यात आणि पर्वत दुसऱ्या पारड्यात, यात कुठला आलाय बॅलन्स! मी हा अभंग लहानपणापासून ऐकतेय आणि मला तो रडका वाटायचा. आता वाटतं हा हिशोब कळणाऱ्या माणसाने लिहिलाय. ते व्यापारी घरातले, घरात सावकारी, १६३० च्या आसपासच्या दुष्काळात धंदा बसला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. आणि मग ती खतांची गोष्ट. लोकांनी लिहून दिलेली कर्जाची खतं, त्यातली निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली, असं परंपरेने सांगतात. मला आधी या गोष्टीत फक्त वैराग्य दिसायचं. दादा वॉर्डात आल्यावर मला त्यातलं दुसरंच दिसायला लागलं, की बुडवली ती फक्त स्वतःची. भावाची त्याच्या हातात दिली. तू पण सोड असं म्हणाले नाहीत. आणि दुसरं म्हणजे खतं बुडवली याचा अर्थ समोरचं येणं फिटलं असा होत नाही. येणं होतं तेवढंच होतं. मागणारा उठून गेला.

आता गीतेतला तो शब्द. सुखदुःखे समे कृत्वा, दुसऱ्या अध्यायातला ३८ वा श्लोक. मी इतकी वर्षं त्याचा अर्थ असा धरला होता की सुख आणि दुःख समान आहेत, म्हणजे शेवटी बेरीज सारखी येते, देवाने तशी व्यवस्था लावलेली आहे, आपण धीर धरायचा. वॉर्डातल्या एका रात्री तो श्लोक डोक्यात घोळत होता आणि एकदम लक्षात आलं की अगं, कृत्वा आहे तिथे. करून. सुखदुःख सम आहेत असं म्हटलेलंच नाही, सम करून, आणि मग लढायला लाग. करायचं कुणी? ज्याला सांगितलंय त्याने. आहे आणि करून यात केवढा फरक आहे, आणि एवढं संस्कृत तर मला शाळेत होतं! मी संस्कृतची जाणकार वगैरे नाही, मोठमोठ्या लोकांनी यावर ग्रंथ लिहिलेत, पण मला त्या एका क्रियापदाने जे दिलं ते मोठ्या मोठ्या व्याख्यानांनी दिलं नव्हतं. तक्ता न जुळणं ही तक्रार करायची गोष्टच नाही मग. सम ही तक्त्याच्या खालची बेरीज नाहीच.

पण करून म्हणजे काय करून? हे मला कळलं ते डोक्याने नाही, हाताने. पडून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, बेडसोअर. दर दोन तासांनी म्हणजे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. सकाळी डॉक्टर म्हणाले, इम्प्रूव्हमेंट आहे, तरी वळवायचं. संध्याकाळी ताप चढला, सगळं परत मागे गेलं, तरी वळवायचं. आनंदात असताना एखादी पाळी चुकवून चालत नाही आणि खचलेलं असताना पण नाही. उजवीकडे, सरळ, डावीकडे. मी आणि दादा, दोघं दोन बाजूंना, खालच्या चादरीची टोकं मुठीत घट्ट धरायची आणि एका दमात उचलायचं, कारण ओढलं तर कातडी घासली जाते. त्या दिवसांत आमचं बोलणं म्हणजे एवढंच. "धरलंस?" "हं." "एक, दोन, तीन." नऊ वर्षांनंतर भावंडं काय बोलतात असं कुणी विचारलं तर हेच बोलतात. माझ्यासाठी त्या दिवसांतली उपासना म्हणाल तर ती चादर. देवघरासमोर बसून माझं जे मन कधी जागेवर राहिलं नाही ते तिथे राहायचं. मोठं काही अनुभवलं असं नाही, प्रकाशबिकाश काही दिसला नाही, नुसतं त्या दहा-पंधरा सेकंदात मला काही येणं नव्हतं आणि मी कुणाचं देणं लागत नव्हते.

हे कायम टिकलं असंही नाही. घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी दादावर ओरडले, जुनं सगळं काढलं, सही, कागद, बाबा गेले तेव्हा कोण कुठे होतं, सगळं. तो गप्प ऐकत होता आणि मग तोही सुटला. आई आतल्या खोलीतून "नाही, नाही, नाही" करत होती, तिला तेव्हा तेवढा एकच शब्द येत होता, हो म्हणायचं असलं तरी नाहीच. कागदांचा प्रश्न आजपर्यंत सुटलेला नाही, वकील आहेत दोघांचे. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा गोष्टी सांगताना लोक शेवटी सगळं गोड करतात आणि वाचणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी कमी पडलं.

आईच्या बोलण्याबद्दल थोडं सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढचा भाग दुखावला की असं होतं, समजतं बरंचसं, पण शब्द बाहेर येत नाहीत. १८६१ मध्ये ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने असा एक पेशंट नोंदवून ठेवला, त्याला फक्त "टॅन" एवढंच बोलता यायचं, कशालाही टॅन, आणि लोक त्याला त्याच नावाने ओळखायला लागले. आमच्या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट सांगितली होती, की विचार करून बोलायचे शब्द गेले तरी घोकलेल्या गोष्टी कधीकधी शिल्लक राहतात. वार, आकडे, पाठ केलेली प्रार्थना, गाणं, शिव्यासुद्धा. त्यांची वाट म्हणे वेगळी असते. आम्ही खूप वाट पाहिली. ती रोज म्हणायची ते स्तोत्र मी तिच्या कानाशी म्हणून बघितलं, ती ओठ हलवायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज नाही. मी म्हणायचे, म्हण ना गं आई, एकच ओळ म्हण. नाही. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायच्या, त्यांनी सांगितलं आग्रह करू नका, आग्रहाने बंद होतं. मग मी सोडून दिलं. खरं सांगायचं तर रागाने सोडून दिलं.

घरी येऊन चौथा महिना चालू होता. रविवार, दादा आलेला. कागदांवरून परत कुजबुज झालेली, दोघंही फुगलेले, एकमेकांकडे न बघता काम चाललेलं. आईला वळवायची वेळ झाली म्हणून तो त्या बाजूला गेला, मी या बाजूला. चादरीची टोकं मुठीत धरली. "धरलंस?" मी उत्तर दिलं नाही, नुसती मान हलवली. तो म्हणाला, "एक, दोन, तीन," आणि आम्ही उचललं, आणि उचललेलं असतानाच आमच्या दोघांच्या मधून आवाज आला, घोगरा, न वापरलेल्या बिजागरीसारखा, पण स्वच्छ.

"चार."

आम्ही दोघं चादर धरून तसेच उभे. दादाने माझ्याकडे बघितलं. आई वर छताकडे बघत होती.

"पाच. सहा. सात."

हात भरून आले होते पण खाली ठेवायची हिंमत होईना, ठेवलं आणि थांबली तर? मग दादाच हळूच म्हणाला, ठेवूया, आणि आम्ही तिला अलगद डाव्या कुशीवर ठेवलं, मी पाठीमागे उशी सरकवली, आणि ती आपली चाललीच होती, अकरा, बारा, तेरा, एकोणीसला अडखळली, परत अठरापासून सुरू केलं, आणि दादा पलंगाच्या कडेला बसून तिच्याबरोबर मोजायला लागला.